चार वर्षं बर्फात, तीन तास झोपेत

पडदा हळूहळू बाजूला होतो, पण आत उजेड म्हणावा असा नाहीच. लांबट खोली, खिडक्यांना गडद कापड, दोन रांगांत बारा काचपेट्या. प्रत्येक पेटीवर जुन्या चादरींची शिवलेली खोळ, आतल्या जिवाच्या डोळ्यांवर दिवा येऊ नये म्हणून. यंत्रं बारीक आवाजात टिकटिकत असतात. मग उजवीकडच्या दारातून एक बुटकी, गोल चेहऱ्याची बाई प्रवेश करते. पायात कापडी चपला, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. ती काही बोलत नाही, पण ती आली की खोलीतलं प्रत्येक पात्र आपसूक आपापल्या जागेवर जाऊन उभं राहतं.

प्रत्येक नाटक मंडळीत असं एक माणूस असतं. त्याला टाळ्या पडत नाहीत, जाहिरातीत त्याचं नाव नसतं, आणि एक दिवस ते आलं नाही तर प्रयोग उभा राहत नाही. नवजात बाळांच्या त्या वॉर्डात ते माणूस म्हणजे तिथली सगळ्यात जुनी नर्स, ताई.

वॉर्ड सुरू झाला तेव्हा ती जागा मोडक्या खाटा ठेवायची खोली होती. खाटा हलवायला ताई होती, भिंतींना चुना लावायला ताई होती, आणि पहिली पेटी आली तेव्हा तिची तार पुरेना म्हणून घरून तार घेऊन येणारीही ताईच. चौतीस वर्षं तिने तिथे काढली. अपुऱ्या दिवसांची, हाताच्या ओंजळीत मावणारी पोरं तिने इतकी हाताळली होती की तळहातावर घेतलं की ती वजन सांगायची.

“बाराशे चाळीस.”

डॉक्टर बाळाला काट्यावर ठेवायचे. “बाराशे तीस, ताई. हुकलात.”

“मी नाही हुकले. काट्याला तेलपाणी करा.”

आणि खरंच एकदा काटा दुरुस्तीला गेला तेव्हा तो दहा ग्रॅम कमी दाखवत होता असं निघालं. तेव्हापासून सगळे तिला तराजूताई म्हणू लागले.

पण तिची खरी कमाई वजनाची नव्हती, शांततेची होती. आधी त्या वॉर्डात बाळांना तासातासाला उठवायचे. कुणी ताप बघायचं, कुणी रक्त घ्यायचं, कुणी पुसायचं. ताईने एक महिना वहीत लिहून काढलं, कुणी हात लावल्यावर कुठलं बाळ निळं पडलं आणि किती वेळ. ती वही तिने मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. म्हणाली, “आपण यांना बरं करत नाही आहोत, दमवतो आहोत.” त्यातून तिचा नियम आला: झोपलेल्याला हात लावायचा नाही. तपासणीची वेळ झाली आणि बाळ झोपलेलं असलं, तर तक्त्यावरच्या त्या चौकोनात ‘झोपलंय’ असं लिहायचं, खाली सही करायची, आणि जागं झाल्यावर तपासायचं.

एक धिप्पाड सर्जन एकदा टाचा वाजवत आत आला. ताई त्याच्या पोटापर्यंत येत होती, पण आडवी उभी राहिली.

“साहेब, बूट बाहेर. आत माणसं झोपलीत.”

“माणसं? आठशे ग्रॅमची?”

“आठशे ग्रॅमची असली तरी झोप पुरी घेतात. तुम्ही घेता का?”

सर्जन मोज्यांवर आत गेला. त्याच्या एका मोज्याला भोक होतं, ते ताईने पुढे वर्षभर सगळ्यांना सांगितलं. पण त्या नियमाने पोरं तरली, हेही तितकंच खरं. दुसऱ्या रुग्णालयांतल्या नर्सेस येऊन तो नियम उतरवून घेऊन गेल्या.

ताईचा नवरा लवकर गेला. मागे एकच मुलगी. ती शिकली, इमारतींचे नकाशे काढू लागली, आणि एका इमारतीत लिफ्ट बसवायला आलेल्या माणसाशी तिने लग्न ठरवलं. ताई म्हणाली, “एक घर उभं करते, दुसरा त्यात वरखाली करतो. जमेल तुमचं.” जमलंही. फक्त मूल होईना.

सहा वर्षं गेली. ताई दिवसभर दुसऱ्यांची बाळं सांभाळून मुलीकडे जायची आणि तिथे बाळ हा शब्द उच्चारायची नाही. शेवटी दोघांनी उपचार घेतले. प्रयोगशाळेत गर्भ तयार झाले, त्यातले दोन पाचव्या दिवसापर्यंत नीट वाढले. पहिला लगेच गर्भाशयात सोडला. बारा दिवसांनी रक्ताची तपासणी आली, आणि मुलगी दोन दिवस नकाशाच्या टेबलावर डोकं ठेवून बसून राहिली. दुसरा गर्भ गोठवून ठेवला होता.

“मग आता दुसरा?” जावयाने महिन्याभराने विचारलं.

“आत्ता नको. हातातलं काम मोठं आहे.”

काम मोठं होतंच. पण आईजवळ ती खरं बोलली. “आई, तो एक तिथे आहे तोवर काहीतरी आहे. तोही गेला तर मग काहीच नाही ना.”

गोठवताना आणि मग दरवर्षी प्रयोगशाळेकडून एक कागद यायचा: गर्भ पुढे ठेवायचा का? ती ‘ठेवा’ वर खूण करून सही करायची. अशा चार सह्या झाल्या. पाचवा कागद आला तेव्हा तिने तो तसाच टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “चला. एकदा होऊन जाऊ दे.”

त्या दिवशी प्रयोगशाळेतल्या बाईंनी ताईला पडद्यावर गर्भ दाखवला. एरवी कुणाला दाखवत नसत, पण ताई एका अर्थाने त्यांच्याच बिरादरीतली. वितळवल्यावर तो आकसलेला होता, सुकलेल्या मनुकेसारखा. ताईचा चेहरा उतरला. बाई म्हणाल्या, “थांबा. चहा घेऊन या.” दोन तासांनी ताई परत आली तर मनुकेचा फुगा झाला होता. गोल, पारदर्शक, एका बाजूला दाट पुंजका.

“हा पुंजका म्हणजे बाळ,” बाई म्हणाल्या, “आणि भोवतीची कड आहे ना, तिची वार होईल.”

“चार वर्षं त्या थंडीत होता हो. त्याला काही?”

“त्याच्या लेखी कालच ठेवला आणि आज काढला. त्या थंडीत वय पुढे सरकत नाही.”

तो रुजला. जावयाने त्या आठवड्यात तीन लिफ्ट चुकीच्या मजल्यावर थांबवल्या असं त्याचे सहकारी सांगत.

आठव्या महिन्यात मुलीचे पाय सुजले, रक्तदाब चढला, आणि सोनोग्राफीत बाळ दिवसांच्या मानाने मोठं दिसू लागलं. बाळांच्या वॉर्डाचे डॉक्टर, जे कधीकाळी ताईच्याच हाताखाली पहिली सुई टोचायला शिकले होते, त्यांनी तिला बाजूला बसवून सांगितलं, “गोठवलेल्या गर्भापासून झालेली मुलं सरासरीने थोडी वजनदार निघतात. आईचा रक्तदाबही जास्त वेळा वाढतो. का, ते अजून पुरतं उलगडलेलं नाही. बहुतेक मुलं ठणठणीत असतात. पण मोठ्या बाळाची साखर जन्मल्यावर उतरू शकते. पहिला दिवस दर पाजण्याआधी टाच टोचून बघायची.”

“डॉक्टर, मला शिकवताय?”

“तुम्हाला नाही. तुमच्यातल्या आजीला.”

ताई हसली. दोघंही हसले.

अडतिसाव्या आठवड्यात सकाळी शस्त्रक्रिया झाली. मुलगा. ताईने त्याला दोन्ही हातांवर घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचे हात चक्रावले.

“तीन नऊशे,” ती म्हणाली.

काट्याने चार किलो दोनशे दाखवलं. सगळा वॉर्ड हसला. ताईच्या हातांना एवढ्या वजनाची ओळखच नव्हती! गालांना वळ्या, मनगटाला वळ्या, लालबुंद रंग. जावयाने काचेतून पाहिलं आणि म्हणाला, “हा तर पैलवान!” पैलवान हेच नाव मग त्याला चिकटलं.

मुलीचा रक्तदाब खाली येईना, म्हणून तिला वरच्या मजल्यावर देखरेखीखाली ठेवलं. पैलवान ताईच्या वॉर्डात. बाराला त्याची साखर थोडी कमी आली. त्याला दूध पाजलं. एकला पुन्हा पाहिली, ठीक होती. पुढची तपासणी आणि पुढचं पाजणं चार वाजता.

त्या दिवशी पाळीवर एक चाळिशीची नर्स होती, हाडांच्या वॉर्डातून नुकती बदलून आलेली. इतकी बोलायची की ताईने तिचं नाव बडबडी ठेवलं होतं. चार वाजता बडबडी सुई आणि कापूस घेऊन आली.

“पैलवान, उठा. टाच द्या बघू.”

ताई तिथेच उभी होती. आत ते बाळ पसरलं होतं, तोंड किंचित उघडं. भोवतालच्या पेट्यांतून सातशे, नऊशे, हजार ग्रॅमचे जीव धडपडत होते, आणि त्यांच्यामध्ये हे एवढं मोठं, भरलेलं, निवांत लेकरू. चौतीस वर्षं ताईच्या डोळ्यांनी भ्यायचं ते लहान आकाराला. एवढ्या मोठ्या देहापुढे त्या डोळ्यांना भीती सापडलीच नाही. तिने पेटीच्या खिडकीतून हात घालून त्याचा दंड उचलला आणि सोडला. दंड चादरीवर पडला.

“अगं, गाढ झोपलंय. राहू दे.”

“पण ताई, डॉक्टरांनी लिहिलंय की...”

“डॉक्टरांना झोपलेल्या बाळाचा नियम कुणी शिकवला? जागा झाला की बघू. मी वर जाऊन लेकीला बघून येते. तोवर हात लावू नकोस.”

“तुम्ही म्हणाल तसं बाई. तुमचा नातू, तुमचा वॉर्ड.”

ताईने स्वतः तक्ता ओढला, चारच्या चौकोनात ‘झोपलंय’ लिहिलं, सही केली, आणि मुलीकडे गेली. मुलीचं डोकं दुखत होतं. ताई तिच्या कपाळावर ओली घडी ठेवत बसली, बाळाच्या वळ्यांचं वर्णन करत बसली. मुलगी डोळे मिटून हसत होती. ताईचं घड्याळाकडे लक्ष गेलं नाही. तिच्या आयुष्यातली ती सगळ्यात सुखाची संध्याकाळ होती, हे विसरून चालणार नाही.

सातला ती खाली आली. पेटीची खोळ वर केली. बाळाचे डोळे उघडे होते, एकाच बाजूला खिळलेले. ओठ चोखल्यासारखे हलत होते आणि उजवा हात तालात उडत होता.

पुढचं तिच्या हातांनी केलं. शीर सापडली, तिच्यातून साखर आत गेली, डॉक्टर धावत आले. यंत्राने दाखवलेला आकडा इतका खाली होता की डॉक्टरांनी दुसऱ्या यंत्रावर पुन्हा पाहिला. तासाभराने झटके थांबले. मग डॉक्टरांनी तक्ता उचलला. चारच्या चौकोनावर त्यांची नजर थांबली. ताई समोरच उभी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि तक्ता मिटला.

मुलीला आणि जावयाला त्यांनी सांगितलं, “साखर एकदम उतरली. लक्षात आल्याबरोबर दिली. आता मोठा होईल तसं बघू.” यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

बडबडी त्यानंतर त्या वॉर्डात फारशी बोलली नाही. दोन महिन्यांनी तिने बदली मागून घेतली. ताईने निरोपसमारंभ होऊ न देता एक वर्ष आधीच नोकरी सोडली. लोक म्हणाले, नातवासाठी सोडली. तेही खोटं नव्हतं.

पैलवान वाढला. उशिरा बसला, उशिरा चालला. वर्षातून दोन-तीनदा झटके येत. बोलायचा कमी, पण हसायचा भरपूर, आणि कुणाचाही आवाज ओळखायचा. उंबऱ्याला अडखळायचा, ताटातलं अर्धं खाऊन “संपलं” म्हणायचा, आणि अर्धं ताट तसंच भरलेलं असायचं. चष्मा करून पाहिला, काही फरक नाही.

ताई सकाळी आठला मुलीकडे यायची ती रात्री मुलाला निजवून जायची. त्याला चमच्याने भरवणं, बोटांनी माती तिंबायला लावणं, शब्द घोटून घेणं, सगळं तिने केलं. शेजारणी म्हणायच्या, “अशी आजी मिळायला भाग्य लागतं.” ताई हातातलं काम खाली ठेवून आत निघून जायची.

आणि मुलगी? तिने आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता. ती मुलाच्या जेवणाच्या वेळी, कपड्यांच्या घड्या घालताना, कधीही मध्येच थांबायची.

“आई, मी भ्याले गं. चार वर्षं त्याला बर्फात टाकून दिलं. चार वेळा सही केली मी. दुसऱ्याच महिन्यात आणला असता तर असा नसता झाला.”

“असं नसतं गं,” ताई म्हणायची. “थंडीत वय पुढे सरकत नाही. त्या बाईंनीच सांगितलंय.”

“मग कशाने झालं?”

इथे ताईचा संवाद संपायचा. नाटकात अशा वेळी आतून कुणीतरी पुढचा शब्द पुरवतं. इथे पुढचा शब्द तिला पाठ होता. तो ओठांपर्यंत यायचा आणि ती पदराने मुलीचे डोळे पुसायची. मुलगी तिच्या खांद्यावर डोकं ठेवायची. चार वर्षं हा एकच प्रवेश त्या घरात होत राहिला. प्रत्येक वेळी ताईला वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, आज तिला खांदा हवा आहे, आज नको. रात्री घरी परतल्यावर ती उशी उचलायची आणि सोडायची, तो दंड चादरीवर कसा पडला होता ते आठवत. झोपलेल्या बाळाचा दंड असा पडत नाही. किंचित आखडतो, विरोध करतो. ती झोप नव्हती, ग्लानी होती. हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

मुलगा साडेचार वर्षांचा झाला तेव्हा कुणीतरी मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरीणबाई सुचवल्या. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. मुलगी जिना चढताना म्हणाली, “यांना सांगायला हवं, तुमच्या खात्याची अब्रू गेली.” ताई हसली. मुलगा प्रत्येक पायरीला पाय आपटत दोघींच्या मध्ये लोंबकळत वर आला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चटपटीत, पण बोलताना घाई नव्हती. त्यांनी मुलासमोर लाल चेंडू धरला, वर, बाजूला, मग हनुवटीखाली. खाली नेला की चेंडू त्याच्यासाठी नाहीसा व्हायचा. नंतर मेंदूचं चित्र दिव्यावर लावलं.

“डोळे उत्तम आहेत. इथे बघा, डोक्याच्या मागच्या भागात इजा आहे. डोळ्यांनी पाहिलेलं इथे पोचतं. याला नजरेच्या खालच्या अर्ध्या भागातलं दिसत नाही. म्हणून अडखळतो, म्हणून अर्धं ताट. झटकेही इथूनच येतात.”

मुलीने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. “डॉक्टर, याचा गर्भ चार वर्षं गोठवलेला होता. मी उशीर केला. त्याने झालं ना हे? स्पष्ट सांगा, मला सवय आहे.”

“छे! कोण म्हणालं? गोठवलेल्या गर्भामुळे बाळ मोठं होऊ शकतं, तुमचा रक्तदाब चढू शकतो, ते झालंच. पण डोक्याच्या मागे अशी इजा गोठवल्याने होत नाही. चार वर्षं काय आणि चाळीस दिवस काय. ही इजा बहुधा जन्मल्यानंतरची आहे. पहिल्या दिवशी याची साखर किती वेळ उतरलेली होती?”

“लगेच दिली म्हणाले.” मुलगी वळली. “आई, तू होतीस ना तिथे. किती वेळ?”

मुलगा चेंडू हातात घेऊन जमिनीवर बसला होता. ताईने दोन्ही हात मांडीवर ठेवले, तळवे वर करून.

“तीन तास,” ती म्हणाली. “जास्तच असेल. चारला बघायची होती. बडबडी सुई घेऊन आली होती. मी तिला हाकललं. तक्त्यावर झोपलंय असं मी लिहिलं, माझी सही आहे. तो झोपलेला नव्हता.”

डॉक्टरीणबाईंनी दिव्यावरचं चित्र काढलं. दिवा तसाच जळत राहिला.

“तेव्हा तू माझ्याजवळ होतीस,” मुलगी म्हणाली. “कपाळावर घडी ठेवत होतीस.”

“हो.”

“चार वर्षं मी तुला विचारतेय, कशाने झालं. तू माझे डोळे पुसतेस.”

ताईने मान हलवली.

डॉक्टरीणबाईंनी औषधं लिहून दिली, पुढची तारीख दिली, काय करता येईल ते सांगितलं. ते बरंच होतं, आणि मुलीने सगळं नीट लिहून घेतलं, नकाशावर मापं लिहावीत तसं. मग तिने मुलाला उभं केलं, त्याची टोपी घातली आणि बाहेर आली. ताई सवयीने त्याचा दुसरा हात धरायला पुढे झाली.

“नको. तू मागून ये. नाहीतर येऊच नकोस आज घरी.”

“बरं.”

मुलगी त्याचा एक हात धरून जिन्याच्या तोंडाशी पोचली. ती रडत नव्हती, तरी तिला समोरचं काही दिसत नसावं असं वाटत होतं. मुलाचा पाय पहिल्या पायरीवर अधांतरी आला. ताई वरच्या दाराशीच थांबली होती. पुढे जावं की नाही, याचा अंदाज तिच्या पायांना येईना. तिने कठड्याला हात घातला आणि त्या वॉर्डात कधी चढवला नव्हता एवढा आवाज चढवून खाली हाक दिली.

“त्याला खालचं दिसत नाही गं. पायरी आली की सांग त्याला.”